बदलीची पाळी

गुरुवारी दुपारी तीन वाजता मिलच्या गेटासमोर, लीलाबाईंच्या चहाच्या दुकानात चार जण जमायचे आणि भुताच्या पिक्चरवरून भांडायचे. मिल बंद होऊन दीड वर्ष झालं होतं, तीनची सवय मात्र सुटत नव्हती. ती दुसऱ्या पाळीची वेळ. पूर्वी त्या वेळेला भोंगा व्हायचा आणि अर्धं इंदूर त्यावर घड्याळ लावायचं. आता गेटाला साखळी होती, साखळीला कोर्टाचं सील होतं, आणि समोरच्या बाकावर बसून ही चाळिशी-पन्नाशीची माणसं एकमेकांना पटवून देत होती की इंटरव्हलच्या आधी भूत दाखवणारा डायरेक्टर गाढव असतो.

प्रतापराव त्यांच्यात वडील. विणाई खात्यात ते जॉबर होते, म्हणजे मुकादम. बाळकृष्ण त्यांच्याच हाताखालचा विणकर. मागांच्या खडखडाटानं दोघांचे कान अर्धे गेलेले, त्यामुळे त्यांच्या गप्पा म्हणजे रस्त्यापलीकडच्यालाही फुकट करमणूक. अरविंद टाइम ऑफिसातला हजेरीबाबू, सुदामा नगरात घर बांधून राहिलेला, बाकीच्यांपेक्षा जरा इस्त्रीतला माणूस. चौथा शाम. शाम बदली होता.

बदली म्हणजे ज्याला स्वतःचा माग नाही, स्वतःचा नंबर नाही असा कामगार. रोज भोंग्याआधी गेटावर येऊन उभं राहायचं. कुणाचा खाडा पडला, म्हणजे कुणी कामावर आलं नाही, की त्या दिवसापुरतं त्याच्या नंबरावर आत जायचं. सगळेच आले तर डबा तसाच घेऊन घरी. शाम अकरा वर्षं त्या गेटावर उभा राहिला. मिल बंद झाल्यावर तो भंवरकुआंला, कोचिंगच्या पोरांच्या होस्टेलात चौकीदार झाला. त्याला सुट्टी गुरुवारी, म्हणून बैठक गुरुवारी.

बैठकीत हजेरी घ्यायची अरविंदची खोड. जित्याची खोड ती. बसल्या बसल्या तो पुकारायचा, एक्याण्णव? प्रतापराव म्हणायचे, हजर. चारशे सतरा? बाळकृष्ण म्हणायचा, हजर. शामला नंबरच नव्हता, तेव्हा त्याचा पुकाराही नाही. कुणी आलं नसलं तर अरविंद म्हणायचा, "खाडा. बदली?" तेव्हा कुठे शाम बाकाच्या टोकावरून हळूच म्हणायचा, "हजर." थट्टेत सुरू झालेली गोष्ट, पण थट्टेचेही नियम होतात. त्यांचा स्वतःचा एक पिक्चर चालू होता, दर गुरुवारी पाळीपाळीनं पुढे रचायचा. ज्याची हजेरी लागली त्यालाच पाळी. शामला पाळी मिळायची ती कुणाचा खाडा पडला तरच, आणि ही मंडळी तर बैठकीला मिलपेक्षा जास्त नेमानं येत.

आवडी प्रत्येकाच्या निराळ्या. बाळकृष्णाला तळघरातलं केसाळ भूत लागायचं, साखळदंड तोडणारं. पहिल्या दहा मिनिटांत किंकाळी ऐकू आली नाही तर तो टॉकीजमध्ये झोपून जायचा. प्रतापरावांना जुने काळे-पांढरे पिक्चर प्रिय. त्यातलं धुकं, ती बग्गी, लांबून गाणं म्हणणारी बाई. मात्र शेवटी ती बाई जिवंत निघाली की त्यांना असा राग यायचा, जसं काही घरच्याच माणसानं फसवलं. शामला दोघांचंही पटत नसे. तो म्हणायचा, "भिया, भूत दिसलं की डर खतम. डर तर तेव्हा, जेव्हा सगळे बसलेले आहेत आणि गिनती बराबर येत नाही."

एका गुरुवारी बाळकृष्ण उशिरापर्यंत आला नाही आणि शामला पाळी मिळाली. त्यानं सांगितलं की बंद मिलचा भोंगा एका दुपारी वाजतो. तो ऐकू येतो फक्त बदलीवाल्यांना. कुणी सराफ्यात हमाली करतोय, कुणी पीथमपुरात नव्या कंपनीच्या दारावर उभा आहे. सगळे हातातलं काम टाकून चालत निघतात. गेट उघडं असतं. आत सगळे माग चालू असतात आणि एकाही मागावर माणूस नसतो. प्रतापरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. मग काय झालं, असं अरविंदनं विचारलं तेवढ्यात बाळकृष्णाची सायकल आली, आणि तो उतरायच्या आधीच ओरडला की माझी पाळी. शाम हसला आणि सरकून बसला. जागा करून देण्यात शामचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पुढचं सांगायचं राहूनच गेलं. डिसेंबरात शाम काविळीनं गेला, बेचाळिसाव्या वर्षी.

अरविंद स्मशानात शेवटपर्यंत उभा होता, पण त्याला रडू आलं नाही. रडण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. मिल बंद व्हायच्या आठ महिने आधी, काही बदलीवाल्यांना कायम करायची यादी निघाली होती. ती अरविंदनंच लिहिली. नोकरीच्या क्रमानं त्यात शेवटचं नाव शामचं आलं होतं. यादी लागायला दोन दिवस होते, आणि त्या दोन दिवसांत अरविंदची बायको शोभना आपल्या भावाच्या, सुशांतच्या काळजीनं धड जेवली नाही. सुशांतला कुठेच काम लागत नव्हतं. बोर्डावर जी यादी लागली तिच्यात शेवटचं नाव सुशांतचं होतं. "साहेबांनी कापलं रे," असं अरविंदनं शामला सांगितलं. शाम म्हणाला, "साहेबलोक आहेत, भिया." एवढंच. पुढे मिल बंद पडली. कायम कामगारांना कोर्टाकडून काही आशा तरी होती, बदलीवाल्यांचं त्या कागदांत नावसुद्धा नव्हतं. दर गुरुवारी अरविंद ठरवून यायचा की आज शामला खरं सांगायचं, आणि दर गुरुवारी हजेरी घेऊन, चहा पिऊन घरी जायचा. आता सांगायला माणूसच उरला नव्हता. हे त्याला आतून खात होतं.

बैठक मात्र चालू राहिली. गुरुवारही तोच ठेवला.

जानेवारीत प्रतापराव मुलीकडे, स्मिताकडे, देपालपूरला गेले होते. बाकावर दोघेच. अरविंदनं सवयीनं एक्याण्णव पुकारलं, आणि सवयीनंच पुढचंही बोलून गेला, "खाडा. बदली?" उचलली जीभ लावली टाळ्याला. दोघांनी बाकाच्या टोकाकडे बघितलं आणि मान खाली घातली. तेवढ्यात लीलाबाईंनी चहाचे तीन कट, म्हणजे अर्धे ग्लास, आणून ठेवले. बाळकृष्णानं विचारलं, तीन कशाला? स्टोव्हला पंप मारता मारता त्या म्हणाल्या की तुम्ही दोघं, आणि हजेरीत तिसरा हजर म्हणाला की. बाळकृष्णानं आपल्या कानात बोट घालून हलवलं. अरविंदचे कान शाबूत होते, त्यानं काहीही ऐकलं नव्हतं. तिसऱ्या चहावर साय धरली आणि त्यांनी तो तसाच सोडला.

फेब्रुवारीत बाळकृष्णाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या गुरुवारी प्रतापराव आणि अरविंद. चारशे सतरा पुकारून अरविंद थांबला. पुढचे शब्द त्याला बोलायचे नव्हते. प्रतापरावच म्हणाले, अर्धी हजेरी सोडू नये, पूर्ण कर. त्यानं पूर्ण केली.

"हजर."

या वेळी अरविंदनं ऐकलं. हळू आवाज, दमून आलेल्या माणसाचा, बाकाच्या टोकाकडून. त्यानं प्रतापरावांकडे बघितलं. ते समोर गेटाकडे बघत शांत बसले होते. आपल्यालाच भास झाला, असं त्यानं मनाला समजावलं आणि हातातल्या कटाकडे बघत राहिला. तोवर प्रतापरावांनी पिक्चर पुढे सुरू केला होता. ते आज नेहमीसारखे ओरडत नव्हते. माग चालू आहेत, माणूस नाही. बदलीवाले रांगेत उभे आहेत, पण पुकारा होत नाही. कुणाच्या नंबरावर जायचं ते कळत नाही, कारण खाडा तर सगळ्यांचाच आहे. शेवटी ते बोर्डापाशी येतात. तिथे यादी लागलेली आहे. एक जण शेवटचं नाव वाचायला वाकतो. अरविंदनं वर बघितलं नाही.

बाहेर टेंपोवाला सवारीसाठी ओरडला आणि गोष्ट थांबली. प्रतापरावांनी डोळे पुसले. म्हणाले, "काय सांगितलंस रे आज, अरविंद. शामच आठवला मला."

"मी? तुम्हीच सांगत होता की."

प्रतापराव हसायला गेले आणि मध्येच थांबले. प्रतापराव पायीच निघाले, अरविंदनं टेंपो धरला.

चोराच्या मनात चांदणं. त्या यादीची गोष्ट अरविंद, शोभना आणि सुशांत सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. पुढच्या गुरुवारी तो बैठकीला गेलाच नाही. भीती वाटली हे खरं. पण खोटं कशाला बोला, नुसती भीती नव्हती. आपला खाडा पडला तर शामला पाळी मिळेल, असंही त्याच्या मनात आलं. बिचाऱ्याला मिळाल्या होत्याच किती? तीन ते पाच तो ओट्यावर शोभनाबरोबर तूरडाळ निवडत बसला. एकदाही उठला नाही. पाचला डाळीचं ताट बाजूला सारून म्हणाला की पुढच्या गुरुवारी मी दोघांना सगळं सांगणार आहे.

शोभनानं ताट पुन्हा पुढे ओढून उरलेली डाळ निवडली. मग म्हणाली, "सांगून टाका. माझंही नाव घ्या."

पुढच्या गुरुवारी तो तीनच्या आधीच पोचला. दोघेही आले होते. बाळकृष्णाच्या एका डोळ्यावर हिरवं फडकं होतं. अरविंदनं हजेरी घेतली नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "मला शामबद्दल एक सांगायचंय."

बाळकृष्णानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "किती बार सांगशील, यार? मागच्या गुरुवारी झालं ना सगळं."

"मागच्या गुरुवारी मी आलोच नव्हतो."

प्रतापरावांना वाटलं, पिक्चरसाठी काहीतरी सुचलंय. कल्पना बरी आहे म्हणाले, पण आज मन नाही. हजेरी तूच घेतलीस, मग म्हणालास की आज पिक्चर नको, आज खरं सांगतो.

अरविंदनं लीलाबाईंकडे बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मागच्या गुरुवारी तीन कट दिले होते, तिन्ही रिकामे झाले होते.

"काय सांगितलं मी?"

बाळकृष्ण जन्मात पहिल्यांदाच हळू बोलला. पहिली यादी, दुसरी यादी, सुशांत, शोभनाचं न जेवणं, सगळं बरोबर सांगितलं त्यानं. आणि एक असंही सांगितलं, जे अरविंदला माहीत नव्हतं. पहिली यादी अरविंदच्या टेबलावर पडली होती, तेव्हा शाम समोर उभा होता. त्यानं ती उलटीच वाचली. शेवटचं नाव आपलं आहे हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं.

अरविंदनं बाकाच्या टोकाकडे बघितलं.

"मी विचारलं तुला," बाळकृष्ण म्हणाला, "मालूम होतं, तर शाम बोलला का नाही? तर म्हणालास, दर गुरुवारी वाट बघायचा. आज सांगेल, आज सांगेल म्हणून."

दीड वर्षाचे गुरुवार. अरविंद तोंडावर हात ठेवून रडायला लागला. स्मशानात न आलेलं रडू आता थांबेना. दोघांनी त्याला रडू दिलं. प्रतापराव पाठीवरून हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "मागच्या वेळीही असाच रडलो?"

"तू कुठं? आम्ही रडत होतो. तू आमची समजूत घालत होतास." बाळकृष्णानं डोळ्यावरचं फडकं सारखं केलं. "जाताना एक बोललास, ते मात्र मला काही समजलं नाही."

"काय?"

"अरविंदला काही बोलू नका, म्हणालास. आपलंच नाव घेतलंस, म्हणून ध्यानात राहिलं."