शेजारच्या पाटावरची सुपारी

"सुपारी कुठं गेली? ... माझी सुपारी कुठं गेली गं!"

जनीच्या हातातून देवघरातली पितळी डबी निसटली आणि खणखणत पार माजघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. सत्यनारायणाचा चौरंग मांडून झाला होता, केळीचे खांब बांधले होते, भटजी पळी-पंचपात्र सरसावून बसले होते, ओटीवर पैसे भरून मुक्कामाला उतरलेले मुंबईचे पाहुणे प्रसादाची वाट बघत होते... आणि पूजेला बसायच्या ऐन वेळी डबी रिकामी! जनीने कुंकवाचा करंडा उपडा केला, एकेक देव उचलून पाहिला, लाल वस्त्र झटकलं. सुपारी नव्हती.

"अहो जनीवहिनी, दुसरी घ्या की," भटजी म्हणाले. "अंगणात एवढा ढीग वाळत पडलाय. दिवेआगरात सुपारीला काय तोटा?"

तोटा! त्या भल्या माणसाला काय सांगायचं आणि कसं सांगायचं?

बायको हजर नसली की पुरुष तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतो, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक. जनीने ती आपल्यापुरती फिरवून घेतली होती. तिचा नवरा तुळशीराम मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. अलास्का म्हणतात त्या बर्फाच्या मुलखात, पार उत्तरेला, त्याचं जहाज गेलं आणि एका सकाळी तो जहाजावर नव्हता. शोधाशोध झाली, सापडला नाही. कंपनीने त्याची पेटी तेवढी घरी पाठवली. माणूस आला नाही, मयत आलं नाही, आणि जनीने कुंकू पुसलं नाही! "मयत दाखवा, मग पुसते," असं तिने भावकीला तोंडावर सुनावलं. तेव्हापासून दर वर्षी माघात, लग्नाच्या तिथीला, ती सत्यनारायण घालायची, शेजारी दुसरा पाट मांडायची आणि त्या पाटावर ती सुपारी ठेवायची. जायच्या आदल्या दिवशी तुळशीरामने स्वतः पोफळीवर चढून काढलेल्या घडातली ती एकुलती एक उरलेली. पुढे वादळात निम्मी वाडी आडवी झाली, त्यात ती पोफळही मोडली. त्याच्या हाताचं असं जगात आता तेवढंच राहिलं होतं.

जनीने मान वर केली. धाकटी जाऊ प्रणाली शिऱ्याचा झारा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि जनीला जे कळायचं ते कळलं!

संशय काही आजचा नव्हता. दिवाळीपासून या घरात काहीतरी शिजत होतं. प्रणाली फोन घेऊन विहिरीकडे जायची, तासन् तास कुणाशी तरी हळू आवाजात बोलायची आणि जनीची चाहूल लागली की म्हणायची, "नंतर करते." एकदा तर जनीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "ताईंना इतक्यात कळता कामा नये हं!" काय कळता कामा नये? मग एक दिवस भात काढायला कणगीशी गेली, तर मागे पिशवीत लोकरीचे जाडजूड कोट! माघातसुद्धा जिथे दुपारी पंखा लागतो त्या गावात लोकरीचे कोट कुणासाठी? विचारलं तर म्हणे, पाहुण्यांचे राहिलेत. पाहुणे काय हिमालयातून येत होते? मोबाइलवर निळ्या-पांढऱ्या पाण्याचा कसलासा नकाशा बघत दोघं नवरा-बायको डोक्याला डोकं लावून बसायची आणि जनी दिसली की मोबाइल पालथा व्हायचा. आणि परवा धाकट्या दिराने, गणराजने, माळ्यावरची तुळशीरामची पेटी खाली काढली. सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, दादाचं जहाज कुठल्या बंदरातनं सुटलं व्हतं गं?"

इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, ते आत्ताच का?

त्यात चुलत दीर रावजी बांधावर भेटला. रावजी म्हणजे भरल्या घरात काडी टाकणारा माणूस! म्हणाला, "वहिनी, जपून ऱ्हा. सात वर्सं मानूस गावला न्हाय की कोर्टात जाऊन तो मेला असं लिहून आनता येतं. मग वाडी एकट्या गण्याची. तू काय, पाव्हण्यांची भांडी घास." जनीने त्याला तिथल्या तिथे झाडला, पण मनात किडा शिरला तो शिरलाच.

वाडीचं तिला काय होतं? वाडी न्या, घर न्या! पण माझ्या धन्याला मेलेला म्हणून लिहून देणार? कुणी? ज्या गणूला तिने घास भरवून मोठा केला त्याने? तुळशीराम गेला तेव्हा गणू शाळेत होता, सासू अंथरुणाला खिळलेली. जनीचे भाऊ टेम्पो घेऊन तिला न्यायला आले होते. स्थळसुद्धा बघून ठेवलं होतं. दारात उभी राहून ती म्हणाली होती, "या दोघांना कुणावर टाकून येऊ?" टेम्पो रिकामा परत गेला. तिची तरणीताठी वर्षं या घराच्या चुलीत गेली... आणि त्याचं हे फळ!

"प्रणाली," जनी म्हणाली, "सुपारी दे."

"ताई... माझ्याकडे नाहीये."

"मग कुनाकडं हाय?"

प्रणालीने ओठ घट्ट मिटले. तिचे डोळे भरून आले.

"बोल की! आता का दातखीळ बसली? म्हयनोनम्हयने कुजबुजत व्हतीस तवा बरी जीभ चालत व्हती! चोरलीस न्हवं? माझ्या धन्याला या घरातनं उठवायला निघालीस न्हवं तू?"

"ताई, देवाशप्पथ, असं नाही हो..."

"देवाचं नाव घेऊ नगंस! मी याच घरात कुंकू लावून वावरते ते तुझ्या डोळ्यांत खुपतं. माझं कपाळ पुसलंस की तुझी सत्ता चालंल! पूस, ये, पूस आपल्या हातानं!"

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. भटजी पंचांगात तोंड खुपसून बसले. प्रणालीच्या हातातला झारा खाली पडला आणि पदर नव्हता म्हणून ओढणीत तोंड लपवून ती हुंदके देत मागल्या दारी गेली. जनी एकटीच आपल्या पाटावर बसली. शेजारचा पाट रिकामा.

इतक्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. गणराज श्रीवर्धनहून आला होता. पूजा संध्याकाळची ठरली होती. भटजींना दुसरीकडे जायचं म्हणून त्यांनी आयत्या वेळी ती सकाळी आणली, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? मांडलेला चौरंग आणि वहिनीचा चेहरा पाहून तो धावतच आत आला. त्याने झटकन शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला आणि कापसात गुंडाळलेली सुपारी जनीच्या ओंजळीत ठेवली.

"वहिनी, मीच नेली व्हती. दुपारपर्यंत परत ठेवणार व्हतो... तुला कळायच्या आत."

जनी सुपारीकडे बघतच राहिली. तीच! तोच देठाकडचा डाग.

"तू? ... का रं गणू? दाखला आनायला निघालास का दादाचा?"

"कसला दाखला?" गणराज गोंधळला. मग तो तिच्या पायाशीच बसला. "वहिनी, तुला दादाच्या पान्यावर न्यायचं ठरवतोय. त्या अलास्काला. सगळीच जहाजं त्याच वाटेनं जात न्हायती. कुठलं जहाज त्याच बंदरातनं सुटतं, त्याच खाडीतनं जातं, हे प्रणालीनं हुडकून काढलं. जहाजावर काम केलेली मानसं शोधून शोधून फोन केले तिनं. श्रीवर्धनचा तिकीटवाला बोलला, तिकडं विमानतळावर बी-बियानं काढून घेतात. म्हटलं, वहिनी सुपारीबिगर पाऊल टाकायची न्हाय, आनि ती तिथं कुनी काढून घेतली तर? म्हणून दाखवूनच विचारावं म्हणलं."

"मंग मला का न्हाय सांगितलंस मेल्या?"

गणराजने मान खाली घातली. "रावजीदादानं मागं एकदा उठवलं व्हतं, तुळशीराम कोचीनला दिसला म्हणून. तू आठवडाभर दारात रांगोळी घालून, दोन मानसांचं जेवन रांधून बसलीस. ते मी बघितलंय, वहिनी. नक्की झाल्याबिगर तोंडातनं शब्द काढायचा न्हाय, अशी शपथ मीच घातली प्रणालीला."

म्हणून ती बोलली नाही! एवढे बोल ऐकले, चोर म्हणवून घेतलं, चार परक्या माणसांसमोर... आणि शपथ मोडली नाही पोरीने!

"ते कोट..." जनीने कसंबसं विचारलं.

"तुझा न् माझा. दोघांपुरतंच जमतंय. ती घरी ऱ्हानार." गणराजने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "लग्न झाल्यापासनं बर्फ बघायचा म्हणते. मनालीचं ठरलं व्हतं, तर वादळानं वाडी झोपवली. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. आता बोलली, ताईंचं आधी."

जनी उठली. भटजींना थांबा म्हणायचंसुद्धा भान तिला राहिलं नाही. मागल्या दारी, सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या तिथे प्रणाली पाठमोरी बसली होती आणि डोळे पुसत पुसत, किडक्या वेगळ्या काढत होती. इतकं ऐकूनही हात कामातच!

"पोरी..." जनी तिच्याजवळ मातीतच बसली. "माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं गं! मी तुला काय काय बोलले..."

"ताई, नका हो..." प्रणाली वळली आणि तिच्या गळ्यातच पडली. "तुमच्या जागी मी असते तर मीही हेच समजले असते."

दोघी बराच वेळ रडल्या. मग जनी हळूच म्हणाली, "पन मला भीती वाटते गं. ते पानी एकदा डोळ्यांनी बघितलं, की मंग वाट बघायला काय ऱ्हाईल?"

प्रणालीने जनीचा हात धरून ठेवला. त्या स्पर्शात काय होतं कोण जाणे, जनीने एकाएकी डोळे पुसले.

"जाईन मी. पन गणूबरोबर न्हाय! दिघीच्या फेरीबोटीत वकाऱ्या काढतो तो, जहाजात मलाच त्याचं डोकं धरावं लागंल. तू चल माझ्याबरोबर."

"अहो पण ताई, घर, पाहुणे..."

"तो बघंल. लई दिवस आयतं खाल्लंय त्यानं!"

रडता रडता प्रणालीला हसू फुटलं.

त्यानंतर पासपोर्ट झाले, व्हिसासाठी मुंबईच्या खेपा झाल्या, कधी नव्हे ते जनीने काचेवर बोटांचे ठसे दिले. सुपारीचंही उत्तर तिकीटवाल्याकडून आलं: वाळलेली, एकच आहे, लपवू नका, विचारलं तर दाखवा. आणि पुढल्या वर्षीचा वैशाख उजाडला तो जायचा दिवस घेऊनच.

निघण्याआधी छोटीशी पूजा होती. गणराज एकटाच पाटावर बसला, कारण प्रणाली प्रवासाचे कपडे घालून बॅगांपाशी उभी होती. जनीने अंगणातल्या ढिगातून एक नवी, टणक सुपारी निवडली, धुतली, पुसली आणि दिराच्या कमरेला आपल्या हाताने खोचली.

"ही तुझी बायको. आमी येईस्तवर सांभाळ. आनि ऐक, मी परत आनून देनार हाय तिला. माझ्यासारकी वाट न्हाय बघायला लागायची तुला!"

गणराज वाकला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

फाटकाशी गाडी उभी होती. रावजी बांधावरून मान उंचावून बघत होता. जनीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने कनवटीची पितळी डबी काढली, उघडून एकदा आत पाहिलं, कुंकवाचं बोट त्या सुपारीला लावलं. तिकडे पाण्यात सोडायची की परत घरी आणायची, हे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. कदाचित तिलाही ठाऊक नव्हतं. मग तिने डबी मिटली, प्रणालीचा हात ओढला आणि डबी तिच्या तळहातावर ठेवून बोटं घट्ट आवळली.

"ताई... मी?" प्रणालीने विचारलं.

"व्हय, तूच धर," जनी म्हणाली. "तुझ्याकडनं न्हाय हरवायची ती."