जलाशयातली मोकळी जागा

हे रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर मी बाबांना यात आणलं नसतं.

त्या ढगाळ दुपारी जलाशयाकाठच्या ऑफिसात आम्ही दोघंच होतो. बापलेक एकाच कामावर. कॉम्प्युटरमध्ये जलाशयाची हुबेहूब नक्कल उभारायची. पाणी, वारा, शेवाळ, मासे... प्रत्येकाचा वेगळा भाग. हवा तेव्हा जोडायचा, नको तेव्हा काढायचा. धरणाचे दरवाजे उघडले तर पाणी कुठे वळेल, मासे कुठे जातील, ते आधी पडद्यावर बघायचं.

माझं काही चुकलं की बाबा खुर्चीमागे उभे राहून जीभ वाजवायचे. च्च.

"मासे जोडलेस. वारा कोण जोडणार? तुझा मामा?"

"मामाच जोडेल. तो तुमच्यासारखं डोकं खात नाही."

हसतच ते बोट घेऊन गेले. खोल पाण्यातला प्राणवायू मोजायला.

बोट परत आली.

रिकामी.

पाणबुड्यांनी तळ पिंजून काढला. काही नाही. आई दाराला कडी लावू देईना. "पट्टीचा पोहणारा माणूस आहे. येईल."

मग साहेबांचा निरोप आला. शोध थांबवतोय, उद्या दरवाजे उघडायचेत, नक्कल चालवून बघ.

एकदा पाणी सुटलं, की बाबा कधीच सापडणार नव्हते.

मी नक्कल चालवली. मासे निघाले... आणि एका जागी थबकले. गोल करून. मध्ये एकही शिरेना.

मी मासे काढले.

आता पाणीच तिथे वळसा घालत होतं.

वारा काढला. शेवाळ काढलं. ती जागा तशीच... मोकळी.

पंख्याची घरघर थांबली. बाहेरचे पक्षीही गप्प झाले.

आणि खुर्चीमागे...

च्च.

मी वळले नाही. पाणबुड्यांच्या मुकादमाला फोन लावला.

"दादा, शेवटचं एकदा. मी सांगते तिथे." पडद्यावरची जागा मी त्याला नेमकी सांगितली.

"ताई, तिथे दोनदा उतरलोय."

"तिसऱ्यांदा उतरा."

बाबा तिथेच होते.

पुढचं सगळं रीतसर पार पडलं. आई आता कडी लावते.

पण काल मी नक्कल पुन्हा उघडली. ती मोकळी जागा तिथे नव्हती.

सरकली होती. पार काठाला... आमच्या ऑफिसच्या खिडकीखाली.

एकेक भाग सोडवून तपासला. चूक सापडत नाही.

पाठीमागची हवा गार झाली. मी पडद्यावरून नजर हलवली नाही. जे आजवर आईजवळ, कुणाहीजवळ, तोंडातून निघालं नव्हतं, ते मोठ्याने म्हणाले.

"बाबा, तुम्ही गेलात."