चौथी कळ

अंबादासने आईपुढे कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट ठेवलं. राजमणीबाईंनी एक घास तोंडात घातला, कपाळाला आठ्या घातल्या आणि ताट बाजूला सारलं. त्यांच्या गळ्यावरची पट्टी गोड आवाजात म्हणाली, "छान झालंय हं. पण आज भूक नाही रे बाळा."

अंबादास खूश झाला. आठ्या त्यालाही दिसल्या होत्या, पण पट्टी बोलायला लागल्यापासून आईच्या तोंडाकडे बघायची सवय घरात सगळ्यांचीच सुटली होती.

दीड वर्षापूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन राजमणीबाईंची वाचा गेली. मनात शब्द असायचा, पण ओठांपर्यंत येता येता त्याचे तुकडे व्हायचे. या आजाराला वाचाघात म्हणतात. त्यावर निघालेली वाचापट्टी घशाच्या स्नायूंची हालचाल टिपायची, तुकड्यांवरून वाक्य जुळवायची आणि रुग्णाच्याच जुन्या आवाजात बोलायची. सोलापुरात आता अशी पट्टी लावलेलं माणूस भाजी घेताना दिसलं, तरी कोणी वळून बघत नसे.

खरं तर राजमणीबाईंनी उभ्या जन्मात कोणाला 'बाळा' म्हटलं नव्हतं. चादरीच्या कारखान्यात त्या डिझाइन काढत आणि त्यांच्या जिभेला मालकसुद्धा वचकून असे. अंबादास शाळेत पहिला आला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "वर्गात पोरं किती?" आता तीच आई उठताबसता शाब्बास म्हणत होती. अंबादास पन्नाशीला टेकला होता, पण असल्या गोष्टीची भूक वयाबरोबर मरत नाही.

येत्या सोमवारी पट्टी काढून तिच्या जागी तेच काम करणारी एक चिप घशात बसवायची होती. ती एकदा बसली की निघत नाही. "बसवायची ना, आई?" असं त्याने विचारलं, तेव्हा पट्टी म्हणाली होती, "तू म्हणशील तसं." आई असं म्हणाली याचंच त्याला इतकं अप्रूप वाटलं, की त्याने पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात इलियास शेख आला. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि जुन्या संगणकांचा त्याला भारी नाद. बाईंच्या बोटांना व्यायाम हवा असं डॉक्टरांनी सांगितल्यावर अंबादासने माळ्यावरचा त्यांचा जुना संगणक त्याच्याकडे दिला होता. राजमणीबाई तरुण असताना कारखान्याने तो घेतला होता आणि चादरींची डिझाइनं त्या त्याच्यावर काढत; पुढे तो मोडीत निघाला तेव्हा त्यांनी घरी आणला.

"मशीन गेलंय ओ कामातून," इलियास कीबोर्ड टेबलावर ठेवत म्हणाला. "पण कीबोर्ड जित्ता हाय. कळांखालचा पापुद्रा तेवढा नवा घातला."

कीबोर्डमधून निघालेल्या चपट्या तारा पत्त्यांच्या डबीएवढ्या एकपाटी संगणकात गेल्या होत्या. सगळा संगणक एकाच हिरव्या पाटीवर मावतो, म्हणून ते नाव. त्यात इलियासने एम्युलेटर घातला होता. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा हा प्रोग्राम असला, की मूळ यंत्र मेलेलं असलं तरी त्याच्यावरची कामं पुन्हा चालू होतात.

"अक्का, बघा की, तुमचंच हाय."

इलियासने पाटी टीव्हीला जोडली आणि पडद्यावर चौकटींचा कागद उमटला. एकेक कळ म्हणजे चादरीतलं एकेक घर. राजमणीबाईंनी कीबोर्डवर हात ठेवले आणि बोटं धावायला लागली. ज्या हातांना सकाळी शर्टाचं बटण जमलं नव्हतं, ते कळांकडे न बघता चालत होते. अंबादासला भरून आलं.

पडद्यावर कोयरी उमटली, पण तिला जागोजाग भोकं होती. बाईंनी ती पुसली आणि पुन्हा काढली. पुन्हा तीच भोकं. त्यांनी टेबलावर चापट मारली आणि इलियासकडे डोळे वटारून पाहिलं. पट्टी म्हणाली, "खूप मजा आली. थँक्यू हं."

"जाऊ दे, इलियास," अंबादास म्हणाला. "मेंदूला मार बसलाय. इतकं जमलं तेच खूप."

इलियास मात्र पडद्यात तोंड खुपसून बसला होता. "रोगानं पडलेली भोकं एवढ्या शिस्तीत पडत नाहीत, अंबादास. बघ, तीन घरं भरलेली अन् चौथा कोपरा रिकामा. हरेक ठिकाणी तसंच." मग त्याने कपाळावर हात मारला. "माझीच चूक झाली की रे."

चूक अशी होती. कीबोर्डच्या आत आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते. कळ दाबली, की एक आडवी तार एका उभ्या तारेला टेकते आणि त्यावरून संगणक कळ ओळखतो. पण चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, तर वीज फिरून चौथ्या कोपऱ्यातही पोचते आणि न दाबलेली कळ दाबल्यासारखी होते. कारागीर तिला भूतकळ म्हणतात. नव्या प्रोग्रामात ही भुतं हाकलणारी गाळणी आधीपासूनच चालू असते. जुन्या यंत्रात ती नव्हती. राजमणीबाईंनी त्या दोषालाच कामाला लावलं होतं. तीन बोटांत चार घरं भरायची त्यांची रीत होती आणि तिच्याच जोरावर त्या दोघांचं काम एकट्या उरकत.

इलियासने गाळणी बंद केली. राजमणीबाईंनी पुन्हा सुरुवात केली. कोयरी भरली, तिच्याभोवती वेल चढली, किनार लागली. कुठे एक घर रिकामं राहिलं नाही. बाई मागे रेलल्या आणि त्यांनी पहिल्यांदा इलियासकडे बऱ्या नजरेने बघितलं.

"अक्का बरोबरच करत होत्या," इलियास म्हणाला. "आमची गाळणी त्यांना चुकीचं ठरवत होती." त्याचं लक्ष गळ्यावरच्या पट्टीकडे गेलं. "हिच्यात पण असती का रे गाळणी?"

अंबादासला उत्तर माहीत होतं. त्याच्या फोनवर पट्टीची 'वाक्यपूर्ती' कमीजास्त करायची सोय होती आणि ती शंभरावर ठेवलेली होती. "असते. या आजारात माणूस हो म्हणायचं तिथे नाही म्हणतो, मधेच भलतंच बोलतो. ते सगळं गाळून ती नीट वाक्य करते."

"मग बंद करून बघ की."

"कशाला? चांगलं चाललंय."

"कोणाचं?" इलियासने विचारलं.

 अंबादासला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. ही गाळणी गेली तर तिच्याबरोबर आणखी काय काय जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने फोन काढला आणि वाक्यपूर्ती शून्यावर आणली.

"आई, सोमवारी ते कायमचं बसवायचं. बसवू ना?"

पट्टी खरखरली. राजमणीबाईंच्या मानेच्या शिरा ताणल्या. बराच वेळ नुसते तुकडे येत राहिले. मग त्यांच्याच तोंडून, घोगरा आणि वेडावाकडा, एक शब्द आला.

"न... नको."

"हो-नाहीची अदलाबदल झाली असेल," अंबादास घाईने म्हणाला.

राजमणीबाईंनी मानेमागे हात नेला आणि पट्टीची कड नखांनी ओरबाडली. हे त्या रोजच करत. त्यावर पट्टी म्हणायची, "जरा खाज येते रे," आणि घरातलं कोणीतरी प्रेमाने मलम लावून द्यायचं. आज अंबादासने मलम आणलं नाही. त्याने स्वतःच पट्टी सोडवली आणि आईच्या हातात दिली. तिने ती टेबलावर आपटली.

त्याने तिथूनच डॉक्टरांना फोन लावून सोमवारचं रद्द केलं. इलियास तारा न काढताच हळूच निघून गेला.

 गेल्या दीड वर्षातलं प्रत्येक शाब्बास अंबादासला आठवत होतं आणि त्यातलं एकही आता त्याचं उरलं नव्हतं. काही न विचारता निभावता आलं असतं. पण समोर त्याची खरी आई बसली होती, आणि उत्तर द्यायला तिला कितीही वेळ लागला तरी थांबायची त्याची तयारी होती. त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि या खेपेला तिच्या तोंडाकडे बघत विचारलं,

"आई, मी केलेलं काही, कधी एकदा तरी, तुला आवडलं होतं का गं?"