टेप दमलेली असते

"माझा टोइवो मला पुन्हा एकदा सोडून गेला," आऊने लाहती म्हणाली आणि तिने व्हिडिओ टेप टेबलावर ठेवली.

डब्यावर टोइवोच्या अक्षरात आकडा होता, सत्त्याऐंशी.

आऊनेचा गेलेला नवरा टोइवो हा ऑर्विलचा जुना मित्र, तरीही मेव्हणी हेल्मीबरोबर या तपासाला येताना त्याला वाटलं होतं, टेपच तर आहे! हेल्मीने मात्र वही उघडली. बत्तीस वर्षं विम्याच्या खोट्या दाव्यांचा माग काढलेली बाई ती. ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू असल्यामुळे कॉफी सोडलेली, म्हणून समोर नुसतं गरम पाणी.

"नीट सांग, आऊने. शुक्रवारी काय झालं?"

"टोइवोचा वाढदिवस होता. दर वाढदिवसाला आम्ही दोघंच हीच टेप बघायचो. सिनेमा त्याने टीव्हीवरून उतरवलेला, जाहिराती गाळून. जाहिरात आली की रेकॉर्डिंग थांबवायला बटणावर बोट ठेवून बसायचा रे! आणि सिनेमा संपला की शेवटी सात मिनिटं तो स्वतः. आमच्या आर्विदने घरच्या कॅमेऱ्यावर काढलेला, गाणं म्हणताना. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही." ती थांबली. "परवा स्वप्नात आला होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता."

ऑर्विलने खिडकीबाहेर बघितलं. डुलूथ शहरातला मार्च, अंगणात अजून गुडघाभर बर्फ.

"टेप लावली तेव्हा काही वेगळं वाटलं?" हेल्मीने विचारलं.

"मशीनच बिघडलंय बहुतेक. मी नेहमीसारखी तळघरात जाऊन टेप आत घातली, रिवाइंडचं बटण दाबलं आणि लाह्या करायला वर निघाले. एरवी लाह्या फुटून होईपर्यंत घरघर चालते. या वेळी नुसतं टक् झालं."

"सिनेमा तोच होता?"

"तोच. उलट एक वाक्य जास्तच ऐकलं. नायक दाराशी जातो ना, तेव्हा नायिका म्हणते, 'कोट घाल, बाहेर वारा आहे.' पंचवीस वर्षांत मला ती तसं म्हणते हेच ठाऊक नव्हतं. पण शेवटी सात मिनिटांच्या जागी नुसता काळा पडदा."

हेल्मीने टेप उचलून उलटसुलट केली. वर चिकटवलेल्या टोइवोच्या अक्षरातल्या कागदी पट्टीची एक कड किंचित उचललेली होती.

"जानेवारीत तू खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होतीस. किल्ल्या कुणाकडे होत्या?"

"आर्विदकडे, आणि झाडांना पाणी घालायला शेजारच्या लेलंडकडे."

आर्विद तळघरातच खोकी भरत होता. आईचं घर विकायचं त्याच्या मनात होतं.

"टेपा टाकून द्या म्हणालो होतो, कबूल!" तो तडकला. "चारशे बारा टेपा आहेत, हेल्मी! पण बाबांच्या आवाजाला मी हात लावीन? अहो, लहानपणी सिनेमा संपल्यावर एकदा टेप रिवाइंड केली, तर कान पिळला होता त्यांनी. म्हणायचे, 'टेप दमलेली असते, आहे तिथे पडू द्या तिला. पुढच्या वेळी लाह्या फुटतील तेवढ्यात जाईल मागे.' आजही माझा हात त्या बटणाकडे जात नाही."

बाहेर पडताच ऑर्विल कुजबुजला, "यानेच. फुटबॉलची मॅच उतरवली असेल शेवटावर."

"मॅच कुठे दिसली तिला?"

"मग पुसली असेल."

"ऑर्विल, पुसल्याने वाक्य कमी होतं रे. वाढतं कधी?"

लेलंड सोर्वारीचं व्हिडिओचं दुकान चार वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. उरलेल्या टेपा त्याच्या बैठकीत छतापर्यंत रचलेल्या. ते आत गेले तेव्हा त्याचा सिनेमा नुकताच संपला होता. बोलता बोलताच त्याने बटण दाबलं, टेप मागे जाऊ दिली, बाहेर काढली, डब्यात घातली. त्याचं लक्षसुद्धा नव्हतं.

"झाडांना पाणी घातलं, बस्स," तो म्हणाला. "तळघरात मी कशाला जाऊ?"

"झाडं कुठे आहेत, लेलंड?"

"स्वयंपाकघरात."

"तळघराचं तर मी विचारलंच नव्हतं," हेल्मी हळूच म्हणाली. "चल, कोट घाल. बाहेर वारा आहे."

लेलंडचा चेहरा पांढराफटक पडला.

आऊनेच्या टेबलाशी सगळे बसल्यावर हेल्मीने सांगायला सुरुवात केली.

"टोइवो जाहिराती गाळायचा, पण त्याचं बोट कधी कधी उशिरा सुटायचं. तसं ते एक वाक्य गेलं. शुक्रवारी ते ऐकू आलं, म्हणजे ही टोइवोची टेपच नव्हे. दुकानातली अख्खी प्रत आहे, वर त्याची पट्टी उचलून चिकटवलेली. म्हणून मी म्हणते, मूळ टेप पुसलेली नाही."

आऊनेने टेबलाची कड घट्ट धरली.

"आणि मशीन बिघडलेलं नाही. टेप आधीच मागे गेलेली होती. या घरात ते कुणी करत नाही, आर्विदही नाही. जो दुकानात वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या टेपा मागे घेत बसला, त्याची बोटं मात्र विचारायला थांबत नाहीत."

लेलंडने मान खाली घातली. "मिसेस लाहती, टोइवो कुंपणावरून सांगायचा, 'माझ्या बोटाने बाईचं वाक्य खाल्लं.' तो गेल्यावर, वाक्य नेमकं कुठे खाल्लंय ते बघायला मी टेप घरी नेली. पण मधेच माझ्या मशीनने टेपच खाल्ली. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली. शेवटी तो स्वतः आहे, हे देवाशप्पथ माहीत नव्हतं."

"टाकून दिलीस?" आऊनेने विचारलं.

"टोइवोची टेप टाकीन मी? चुरगळली ती मधली हातभर फक्त. लाजेने हात लावला नाही, नाहीतर सांधता येते मला."

"आधी सांगितलं असतंस, तर एक शुक्रवार वाचला असता, गाढवा," ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

पुढच्या शुक्रवारी तळघरात पाच जण बसले होते. आर्विदने खोकी भिंतीशी सरकवून जागा केली होती. सांध्याजवळ पडदा थरथरला, मग सिनेमा पुढे सरकला. नायक दाराशी गेला, बाईचं वाक्य टोइवोच्या बोटाने गिळलं, आणि लेलंड मोठ्याने हसला.

मग टोइवो आला. गाणं सुरू करायच्या आधी त्याने मान वळवून हाक मारली, "आऊने, लाह्या करपतायत बघ!"

आऊने खरंच अर्धी उठली.

सात मिनिटं संपली. लेलंडचा हात आपोआप बटणाकडे गेला. आऊनेने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. दमलीय ती."