खमंग वास सुटला की…

दार उघडलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांना कणीक होती आणि डोक्यात राग होता.

"तुमचं खोबरं करपतंय," ती म्हणाली.

दारातला माणूस बघतच राहिला. उंच, खांद्यावर फडकं, हातात कालथा, आणि चेहरा वर्गात उशिरा पोचलेल्या मुलासारखा. "करपतंय?"

"मी जिना उतरत होते तेव्हा करपत होतं. आता करपलं."

"पण धूर तर नाहीये…"

"धुराची वाट बघता? मग नाक कशाला दिलंय?"

तो आत पळाला. गॅस बंद झाल्याचा आवाज आला, मग तवा आपटल्याचा. परत आला तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "नाक आहे. चालत नाही."

तिचा राग गेला आणि हातांना नुसतीच कणीक राहिली.

तिला घरात सगळे नकटी म्हणायचे. नाक बसकं होतं हे खरं, पण तिच्याइतकं तल्लख नाक शोधून सापडलं नसतं. साबणाच्या कारखान्यात ती वास तपासायच्या कामाला होती. दिवसाला चाळीस-चाळीस वड्या हुंगायच्या आणि कुठल्या घाण्यात काय बिघडलंय ते सांगायचं. तिचं पोट नाकावर चालायचं, आणि समोर हा माणूस नाक चालत नाही म्हणत होता.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन महिन्यांपूर्वी तिच्या घराच्या अगदी खालच्या घरात भाड्याने आला होता, आणि इमारतीत सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. दोन वर्षांपूर्वी कामावर शिडीवरून पडला, डोक्याला मार बसला. डोकं शिवलं, वास गेला. परत येईल असंही डॉक्टर म्हणाले नाहीत आणि येणार नाही असंही म्हणाले नाहीत.

"जीभ शाबूत आहे," तो म्हणाला. "खारट, आंबट, कडू सगळं कळतं. बाकीची चव म्हणे नाकाचीच असते. एक तिखट मात्र कळतं, कारण ते भाजतं. म्हणून दर रविवारी मटण करतो. चांगलं झणझणीत, डोळ्यांतून पाणी येईल असं. आठवड्यातून एकदा तरी जेवलो असं वाटतं."

"आणि दर रविवारी करपवता."

"आईची वही आहे. तिच्यात बघून करतो. पण वहीच तशी आहे, मी काय करू?"

त्याने वही आणून दाखवली. आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. मागे ही वही राहिली होती, तेलाच्या डागांची, कोपरे दुमडलेली. नकटीने हाताची कणीक लागू नये म्हणून मान वाकडी करून वाचलं. *कांद्याचा कच्चा वास जाईपर्यंत परतावा. खोबऱ्याचा खमंग वास सुटला की उतरवावे. मटणाचा उग्र वास गेला की मसाला घालावा.* मिनिटांचा कुठे पत्ता नाही. त्या माउलीने अख्खा स्वयंपाक नाकाने लिहून ठेवला होता. बाजूला मुलाने पेन्सिलीने काय काय खरडलं होतं: *४ मि.?* खोडलेलं. *६ मि.?* तेही खोडलेलं.

तिला हसू आलं, आणि मग हसू आल्याचं वाईट वाटलं.

"तुम्ही कसं करता?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे नाही करत. आम्ही खात नाही."

"मग कळलं कसं?"

"करपलेलं सगळ्यांचं सारखंच करपतं," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली. दोन पायऱ्या चढून थांबली. "पुढच्या रविवारी खिडकी उघडी ठेवा."

इमारतीतली सगळी स्वयंपाकघरं मधल्या डक्टकडे उघडायची. एकीच्या डोक्यावर एक अशा खिडक्या, मध्ये पाण्याचे पाइप. नकटीच्या घरच्यांनी आपली खिडकी वर्षानुवर्षं बंद ठेवली होती. त्या रविवारी तिने कडी काढली. कडी गंजली होती, दोनदा हात घसरला.

"झाला का कांदा?" खालून आवाज आला.

"अजून कच्चा आहे. आच कमी करा."

"कच्चा वास म्हणजे कसा असतो?"

तिने विचार केला. "डोळ्यांच्या मागे टोचतो. तो गेला की मग… मऊ होतो वास. गोडसर."

"आणि खमंग?"

"खमंग म्हणजे खमंग. तो काय सांगायचा?"

"सांगा ना. मला आता ऐकूनच घ्यायचंय सगळं."

ते त्याने असं म्हटलं की तिने पाइपाकडे बघत उगाच पदर सारखा केला. इथे तिला बघणारं कोणी नव्हतं, तरी.

मग दर रविवारी हाच उद्योग. सकाळी अकराला खाली कढई ठेवल्याचा आवाज यायचा आणि वर नकटीच्या हातातलं काम थांबायचं. काढा. थांबा. आता झाकण ठेवा. उग्र वास गेला, घाला मसाला. तिने आयुष्यात मटण चाखलं नव्हतं, चाखायची इच्छाही नव्हती. पण ते कधी शिजलं हे चौथ्या मजल्यावरून तिला घड्याळापेक्षा नेमकं कळायचं. मीठ मात्र त्याचं त्याला बघावं लागे.

"आज काय घातलंत तुम्ही?" एका रविवारी ती म्हणाली.

"वहीत आहे तेच."

"कढईत नाही हो. अंगात. रोज ग्रीसचा वास येतो तुमचा, आज इस्त्रीचा येतोय."

खालून अवघडलेला आवाज आला, "खिडकीतून दिसत नाही ना काही?"

"दिसत नाही. मग रविवारी घरात बसून इस्त्रीचा शर्ट कोणासाठी?"

"मटणासाठी," तो म्हणाला, आणि दोघंही आपापल्या खिडकीत हसत राहिली.

त्या दिवशी वहिनी मागे येऊन उभी होती. अलीकडे रविवारी अकराच्या सुमाराला वहिनीला नेमकं स्वयंपाकघरातच काहीतरी काम निघायचं, हे नकटीच्या लक्षात आलं होतं. पण तिला वाटलं, पाळत ठेवायला येत असेल.

सातव्या रविवारनंतर दादाने अर्ज लिहिला.

दादा शाळेत गणित शिकवायचा. वडील गेल्यापासून बहिणीला त्यानेच वाढवलं होतं, तिच्या शिक्षणासाठी स्वतःचं पुढचं शिक्षण सोडलं होतं, आणि हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. म्हणूनच त्याच्यापुढे बोलायला तिची जीभ जड व्हायची. अर्जही गणितासारखाच नेटका: इमारतीत मांसाहार शिजवण्यास मनाई करावी, भाडेकरूस हे मान्य नसल्यास त्याने महिनाअखेर घर सोडावे. खाली सह्यांसाठी ओळी आखलेल्या.

"आजवर वास येत नव्हता," दादा म्हणाला. "सात आठवडे झाले, घरात बसवत नाही. कर सही."

वास का यायला लागला ते नकटीला चांगलंच माहीत होतं. ती म्हणाली, "पेन चालत नाहीये." पेन चालत होतं.

संध्याकाळी लिफ्ट बंद पडली होती म्हणून तो जिन्यात हत्यारं घेऊन बसला होता. तिने त्याला अर्जाचं सांगितलं.

"मला कळलंय. सेक्रेटरी काका म्हणाले, बाहेरून डबा मागवत जा, कशाला भानगड. इथले चार जण तसंच करतात म्हणे, वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात." त्याने स्क्रू घट्ट केला. "मी नाही आणणार. माझ्या आईचं मटण काय चोरीचा माल आहे? घर सोडेन, पण लपवून करणार नाही."

"सोडाल?"

त्याने वर बघितलं. "तुम्ही सही करून टाका. माझ्यापायी घरात भांडण नको."

तिला असा काही राग आला की बस्स. "माझी सही कुठे करायची ते मी ठरवेन," ती म्हणाली आणि चारही मजले पायी चढून गेली.

सभा रविवारी, अकरा वाजता, दादाच्याच घरी. यातही दादाचं गणित होतं: ज्याला शंका असेल त्याने स्वतः वास घेऊन बघावा. हॉलमध्ये सतरंजी घातली होती. पंधरा-वीस माणसं नाक वर करून बसली होती. भाडेकरूला सभेत जागा नव्हती, त्यामुळे तो आला नाही. त्याने त्याला जमेल ते केलं. अकराच्या ठोक्याला खाली कढई वाजली.

सेक्रेटरी काका अर्ज वाचायला लागले. कांद्याचा वास वर आला. डबा गुंडाळून आणणाऱ्या चौघांपैकी एकाने आवंढा गिळला, तो सगळ्यांना ऐकू गेला. नकटी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. कच्चा वास गेला. आता खोबरं. आज तो एकटा होता, विचारायला वर कोणी नाही, आणि तरीही त्याने खोबरं भाजायला घेतलं होतं. वास सुटला… अगदी खमंग. आता उतरव. आता. अरे, उतरव ना.

"…तेव्हा ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावा," काका म्हणाले.

खोबऱ्याच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या, हे तिला डोळ्यांनी बघावं लागलं नाही. आणखी अर्धं मिनिट, आणि जळका वास हॉलभर होणार होता. मग सगळे हात वर जाणार होते आणि तो महिनाअखेर सामान बांधणार होता. तिला फक्त गप्प उभं राहायचं होतं.

ती वळली, खिडकीशी गेली आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, "उतरवा. लगेच."

खाली गॅस बंद झाला. वर सभा बंद झाली.

"हे काय चाललंय?" दादा दारात येऊन उभा होता. त्याच्या मागे जमतील तेवढी डोकी.

तिने खिडकीचा कट्टा धरला. खिडकीपासून ती हलली नाही. "सात रविवार हे मटण मीच करतेय, दादा. इथे उभी राहून. वास येतो कारण ही खिडकी मी उघडते. अर्ज करायचा तर माझ्या नावाने कर."

"तू खातेस?"

"नाही. कधी चाखलंही नाही. खाणारही नाही."

"मग कशासाठी?"

"त्याला वास येत नाही. मला येतो." तिने श्वास घेतला. "आणि मला तो आवडतो. त्याला घराबाहेर काढायचं असेल तर काढा, पण तो जिथे जाईल तिथली खिडकी मी शोधून काढेन."

दादाचा चेहरा लाल झाला होता. तो काही बोलणार एवढ्यात त्याच्या खांद्यामागून वहिनी पुढे आली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. सासरी खात नाहीत म्हणून तिने लग्नाच्या दिवशी सोडलं ते सोडलं, आणि तिला त्याबद्दल कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. ती खिडकीत वाकली.

"अहो भाऊजी," तिने खाली हाक मारली, "पाणी उकळतं घाला. गार घातलंत तर तर्री येणार नाही."

दादा बायकोकडे असा बघत राहिला जणू गणिताचं उत्तर प्रथमच चुकलं होतं.

"आणि एक वाटी माझी ठेवा," वहिनी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, हळूच, "बारा वर्षं झाली हो."

सेक्रेटरी काकांनी अर्जाची घडी घातली. तक्रार करणाऱ्याच्याच घरात एकमत नाही तर आम्ही काय हात वर करायचे, असं म्हणून ते चपला शोधायला लागले. दादा बाल्कनीत जाऊन पाठ करून उभा राहिला. त्याचा राग उतरायला बरेच दिवस लागले. पण खिडकीला कडी घालायला तो पुढे आला नाही.

नकटी जिना उतरली. दार उघडंच होतं. तो ओट्याशी उभा, इस्त्रीचा शर्ट, हातात पळी, आणि डोळे ओले.

"मिरची लागली," तो म्हणाला.

"अजून मसाला घातलेला नाही तुम्ही."

तो हसला. "डक्टमधून आवाज खालीही येतो. सगळं ऐकू आलं मला."

"माहीत आहे. म्हणून तर खिडकी सोडली नाही."

त्याने हात पुसले आणि वही तिच्यापुढे सरकवली. मटणाचं पान. *खमंग वास सुटला की*, पुढे खोडलेली सगळी मिनिटं, आणि त्यांच्या खाली नव्या पेन्सिलीने: *वरती विचारणे.* तिने पान उलटलं. पुढची रेसिपी कोंबडीची. ती त्याने अजून एकदाही केली नव्हती, तरी तिथेही लिहिलं होतं, *वरती विचारणे.* त्याच्या पुढच्या पानावर तेच. ती पानं उलटत गेली. खिमा, कलेजी, पाया… वहीच्या शेवटच्या पानापर्यंत तो लिहीत गेला होता.

"हे कधी लिहिलंत?"

"तिसऱ्या रविवारी."

"आणि घर सोडायला निघाला होतात."

"वही घेऊन निघालो असतो," तो म्हणाला. "आणि तू खिडकी शोधून काढलीच असतीस."

त्याने तिला तू म्हटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांपैकी कोणीच ते दुरुस्त केलं नाही. तिने ओट्यावरची पेन्सिल उचलली, पहिल्या पानापासून प्रत्येक ठिकाणी 'वरती' खोडलं आणि त्या शब्दाच्या वर 'इथेच' लिहीत गेली. चार पानं झाल्यावर मटणाचा उग्र वास गेला.

"घाल मसाला," ती म्हणाली.

खिडकीबाहेर दोरीला बांधलेली एक स्टीलची वाटी पाइपाला आपटत खाली येत होती.