वीज जाण्याआधी

"त्या वायरीनं काय घर जाळायचंय?"

मी मागे वळून पाहिलं. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर भुरभुर पाऊस पडत होता. माझा नवाकोरा जनरेटर हातगाडीवर एका बाजूला कलला होता, आणि पिवळा रेनकोट घातलेला एक उंच माणूस कॉफीचा पेला हातात धरून माझ्या खांद्यावरच्या वायरीच्या वेटोळ्याकडे बघत होता.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर आपणहून सांगतोय." त्यानं पायानं हातगाडी सरळ केली. "ही नाताळच्या दिव्यांची वायर आहे. जनरेटरला लावलीत की वितळणार."

"दुकानदारानं दिलीय."

"त्याला विकायची असते. मला नंतर खांबावर चढायचं असतं."

तेव्हा कुठे मला त्याच्या रेनकोटावरचं वीज कंपनीचं चिन्ह दिसलं. तो आत गेला, वायर बदलून अंगठ्याएवढी जाड, नारिंगी वायर घेऊन आला आणि माझ्या हातात ठेवत म्हणाला, "वेंडेल क्राल. लाइनमन."

"सिग्ने होल्टन. शाळेची बस चालवते." मी वायर घेतली. "आणि आभार वगैरे मानणार नाहीये."

"बरं झालं. मला लाजायला होतं."

लाजणारा चेहरा तो नव्हताच. पण डोळ्यांच्या कडेला ज्या सुरकुत्या पडल्या... त्या मी घरी पोचेपर्यंत विसरले नाही, हे खरं.

तो जून महिना होता. शाळांना सुट्टी, बस बंद, आणि माझ्यापुढे एकच काम – आमचं घर वादळासाठी तयार करायचं. माझे बाबा, आर्विद, चाळीस वर्षं धान्याच्या कोठारात राबले. तिथल्या धुळीनं त्यांची फुप्फुसं खाल्ली. आता नाकात नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. आयोवात उन्हाळा म्हणजे वादळं, आणि वादळ म्हणजे वीज जाणार. मागच्या वर्षी ती चार दिवस गेली होती. रस्त्यावर झाडं पडलेली, रुग्णवाहिका दोन तासांनी आली. ते दोन तास मी बाबांचा हात धरून त्यांचे ओठ निळे पडताना पाहिले होते. पुन्हा पाहायचे नव्हते. बस्स, एवढंच ठरवलं होतं.

पुढच्या गुरुवारी दाराची घंटा वाजली.

"तुमच्या अंगणातल्या मेपलची फांदी आमच्या तारेवर आलीय," वेंडेल गंभीरपणे म्हणाला. "कंपनीनं पाठवलंय."

"कंपनीनं?"

"म्हणजे... मी कंपनीला म्हटलं, मला पाठवा."

आतून बाबा ओरडले, "सिग्ने, खोटं तरी नीट बोलायला शिकव त्याला, पोरी!"

त्यानं फांदी उतरवली. मग बाबांच्या खिडकीवर वाकलेली दुसरी. ती आईनं लावलेल्या झाडाची होती. बाबा कुणाला हात लावू देत नसत. वेंडेल त्यांच्याजवळ अर्धा तास नुसता बसला, मक्याच्या पिकाबद्दल बोलत. शेवटी बाबाच म्हणाले, "काप बाबा. पण बुंध्याला धक्का नको."

मग तो रविवारी येऊ लागला. आम्ही गॅरेजच्या दाराला आतून आडवे वासे ठोकले. व्हरांड्यातल्या खुर्च्या कुठे न्यायच्या ते ठरवलं. रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवलं. बाबांचं नाव वीज कंपनीच्या आजारी ग्राहकांच्या यादीत घातलं, तळघरात ऑक्सिजनचे तीन भरलेले सिलिंडर उतरवले. डोळे मिटून किल्ली फिरवता येईस्तोवर त्यानं माझ्याकडून ते बदलण्याचा सराव करून घेतला.

"आणखी एकदा," तो म्हणायचा.

"बसमधली पोरं तुझ्यापेक्षा कमी छळतात."

"त्या पोरांना तू आवडत नसशील."

किल्ली माझ्या हातून निसटली. त्यानं ती उचलून दिली... आणि लगेच सोडली नाही.

एका रविवारी त्यानं विचारलं, "जनरेटर घराला जोडणार कसा?"

"सोपं आहे. गॅरेजच्या सॉकेटमध्ये जनरेटरची वायर उलटी घालायची, सगळं घर चालू. शेजारचे ऑर्व्हिल तसंच करतात."

त्याचा चेहरा असा बदलला की मी हसायची थांबले.

"तसं केलंस तर वीज तुझ्या घरातून उलटी बाहेर जाते," तो हळू बोलला. "मेन स्विच चालू राहिला की थेट रस्त्यावरच्या तारेत. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून जाताना हजारो व्होल्टची होते. वर चढलेल्याला वाटत असतं, तार मेलेली आहे."

"मग?"

"मग खांबावरच्या माझ्या जोडीदाराच्या बायकोला, तो गेल्याचा फोन मी केला होता."

मग मी उठले, ती नारिंगी वायर आणली आणि म्हटलं, "दाखव. बरोबर कसं करायचं ते दाखव." मेन स्विच खाली. जनरेटर बाहेर, खिडकीपासून वीस पावलं लांब, धूर घरात येऊ नये म्हणून. वायर सरळ मशीनला. दहा वेळा केलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की माझ्या घरातली वायर कुणाच्या तरी हातापर्यंत जाते.

जुलै संपता संपता एका संध्याकाळी आम्ही पायरीवर बसून भाजलेली कणसं खात होतो. तो एकदम म्हणाला, "सिग्ने, वादळाच्या दिवशी मी इथे नसेन."

"ठाऊक आहे."

"नाही, नीट ऐक. कधीच नसेन. लोक आपल्या माणसांना जवळ ओढतात, तेव्हा मी परक्या गावात खांबावर असतो. एक होती... तिला नाही झेपलं. तिची चूक नव्हती."

"मी हे सगळं तू येशील म्हणून शिकले नाही, वेंडेल. तू येणार नाहीस म्हणून शिकले."

तो उठला, हात पुसले आणि गाडीत बसून निघून गेला. पुढचे दोन रविवार आला नाही. मी रडले नाही. मी टॉर्चचे सेल बदलले, गाडीत पेट्रोल भरलं आणि बाबांना म्हटलं, त्याचं नाव काढायचं नाही. बाबांनी दोन्ही रविवारी काढलं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी अकराला पश्चिमेचं आभाळ हिरवट काळं झालं. पाखरं गप्प. मग वादळाचा भोंगा वाजला.

मी धावले नाही. खुर्च्या आत, खिडक्या बंद, फोन चार्ज केलेला, आंघोळीचा टब पाण्यानं भरलेला. बाबांना सिलिंडर लावून तळघरात उतरवलं.

"घाबरलीस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"हात तर थरथरत नाहीत."

"त्यांना वेळ नाहीये."

मग वारा आला. मालगाडी घरावरून जावी तसा, पाऊण तास. वर काहीतरी फुटलं, काहीतरी मोडलं, दिवा गेला. ताशी शंभर मैल, असं नंतर रेडिओनं सांगितलं. आम्ही वर आलो तेव्हा मका सगळा आडवा झाला होता. गल्लीतले खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले होते. आमच्या छपराचा कोपरा गेला होता. बाबांची खिडकी मात्र शाबूत होती.

मेन स्विच खाली. जनरेटर ओढत बाहेर. दोरीला पहिला झटका, दुसरा... तिसऱ्याला तो गुरगुरला. पलंगाशेजारचं मशीन घरघरू लागलं. मी भिंतीला टेकून, काय सांगू, घटकाभर रडून घेतलं.

तेवढ्यात शेजारी दुसरा जनरेटर सुरू झाला.

मी कुंपण ओलांडून पळाले. ऑर्व्हिलच्या गॅरेजमध्ये वायर सॉकेटकडे निघालीच होती.

"ती वायर खाली ठेवा!"

"मुली, तीस वर्षं हेच करतोय. माझ्या बायकोचं इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे!"

"आणि कुणाचा तरी मुलगा या तारेवर चढणार आहे!" मी सॉकेटसमोर उभी राहिले. "फ्रीज सरळ जनरेटरला जोडू. तुमची वायर पुरली नाही, तर माझ्याकडे जास्तीची आहे. पण इथून मी हलणार नाही."

पंचाहत्तर वर्षांच्या त्या आडदांड माणसानं वायर खाली केली. मग पुटपुटला, "आर्विदवर गेलीस," आणि वायर गुंडाळायला लागला. संध्याकाळी त्याच्याच बायकोनं आम्हाला वाफाळतं सूप आणून दिलं.

सहा दिवस वीज नव्हती. वेंडेल कुठल्या गावात होता, कळायला मार्ग नव्हता. फोनचे मनोरेही पडले होते. रोज तीनदा मी जनरेटर थंड करून पेट्रोल घालायचे आणि तेवढ्या वेळात बाबांना सिलिंडर लावायचे. रुग्णवाहिका बोलवावी लागली नाही. एकदाही नाही.

सातव्या सकाळी स्वयंपाकघरातला दिवा आपोआप लागला. तासाभरानं दारात तो उभा होता – चिखलानं माखलेला, दाढी वाढलेली, डोळे लाल.

"बाबा?"

"आत एकटेच पत्ते खेळतायत. हरतायत."

त्यानं दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. "गल्लीच्या टोकाला ऑर्व्हिल भेटला. म्हणाला, तू त्याला धमकावलंस." त्याचा आवाज बसला होता. "मी पळून गेलो होतो, सिग्ने. मी विचारलं तर तू 'हो' म्हणशील, याचीच भीती वाटली. सहा दिवस प्रत्येक खांबावर..."

"आधी बस. कॉफी घे."

मी चुलीकडे वळले. मागून तो म्हणाला, "मला तुला एक विचारायचंय. म्हणजे, तुझ्या... आपल्या..." आणि मग नुसतीच शांतता. वळून पाहिलं तर साहेब टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपलेले. बोटांत अजून खांबाच्या लाकडाची कुसळं रुतलेली. मी पेला बाजूला सरकवला आणि चिमट्यानं एकेक कुसळ काढत बसले. तो हललाही नाही.

दुपारी तो दचकून जागा झाला.

"मी... मी काय बोलत होतो?"

"लग्नाचं विचारत होतास," मी म्हटलं.

"नाही!" कानापर्यंत लाल झाला तो. "मी तर फक्त, रविवारी येऊ का, असं..."

"बरं." मी त्याचा तळहात सोडला नाही. "मग आता विचार."