भाजीच्या ट्रेखालचं तळं

ओल्या फडक्यात गुंडाळलेली बेलाची पानं.

दुपारचं लातूर. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या.

सुई नसलेली मोठी सिरिंज.

नांदेडमधली एक खोली, जिच्यात अजून कुणी राहायला गेलेलं नाही.

आणि पाणी… थंडगार, कोथिंबिरीच्या वासाचं, वरच्या गॅलरीतून खाली येणारं –

ते पडलं थेट आनंदराजच्या इस्त्रीच्या शर्टावर. खालच्या खोलीत नवाच राहायला आलेला, क्लासमधला फिजिक्सचा मास्तर. त्यानं वर पाहिलं. गॅलरीत शिवकन्या, हातात रिकामं पातेलं, दातांखाली जीभ.

"फ्रीजमधलं हाय… झाडाला घालत होते."

"मी झाड दिसतो का?"

"उंचीनं तर दिसता."

"फ्रीज गळतो?"

"रडतो. रोज."

मग रोजच झालं ते. आनंदराज निघायच्या वेळीच शिवकन्येचं पातेलं भरायचं. एकदा तर तो कडक उन्हात छत्री उघडून उभा राहिला. ती इतकी हसली, की पाणी सांडायचंच राहिलं.

भाजीचा ट्रे बाहेर काढला, की खाली साचलेल्या पाण्यात फ्रीजचा पिवळा दिवा हलायचा. शिवकन्येला वाटायचं, काठावर बसावं, पाय सोडावेत… शेजारी कुणीतरी असावं.

"मागच्या भिंतीत बारीक भोक असतं," तो सांगायचा. "बर्फ वितळला की पाणी तिथून जातं. तुमचं बुजलंय. काढून देऊ?"

"एवढी काय घाई हाय?"

घाई झाली ती त्याला नांदेडला मिळालेल्या नोकरीनं. जिन्यात त्यानं हळूच विचारलं, "याल… माझ्यासोबत? मी बोलू तुमच्या आईशी?"

"मी बोलते," ती म्हणाली. आणि बोललीच नाही. वर तिच्या घरी इष्टलिंगाची पूजा, खाली त्याच्या खोलीत बुद्धवंदना. मधे एवढासा जिना – पण तिची आई, रत्नम्मा, त्याला चहा द्यायची तो काचेच्या वेगळ्या कपात.

निघायच्या आदल्या दिवशी तो सिरिंज घेऊन वर आला.

"इंजेक्शन कुणाला देतूस रे?" रत्नम्मानं विचारलं.

"फ्रीजला, मावशी. कोमट पाण्याचं."

दाराशीच ठेवलेल्या फ्रीजचं बटण बंद झालं. दही निघालं, शेंगदाण्याची चटणी निघाली, भाजीचा ट्रे निघाला. शेवटी मागच्या भिंतीला टेकलेला, सोमवारच्या पूजेच्या बेलाचा उघडा डबा. आनंदराजचा हात हवेतच थांबला. ह्या डब्याला घरातलं कुणी आंघोळीशिवाय शिवत नसे. आणि तो तर…

"हा तुम्हीच काढा, मावशी."

रत्नम्मा पुढे झाली. पण शिवकन्येनं आधी हात घातला. डबा काढला, आणि त्याच्या दोन्ही हातांत दिला.

"धर."

"शिवे!"

"अव्वा, मी ह्याच्याशी लगीन करनार हाय. नांदेडला जानार हाय."

फ्रीजमधून पाणी ठिबकत होतं. रत्नम्मा डब्याकडे बघत राहिली, मग त्याच्या बोटांकडे. डबा त्यानं अगदी सरळ धरला होता.

"दारात उभारू नको," शेवटी ती म्हणाली. "ऊन लागतंय पानांना. आत ये."

आता त्याचे हात गुंतलेले. सिरिंज शिवकन्येनंच भरली.

"अजून खाली… हां, तिथंच. हळू दाब."

"हळूच दाबायले की! सरपना क्लासमधी कर."

एक बेलाचं पान, देठासकट, भोकात अडकून गोठलेलं. कोमट पाण्यानं ते सैल झालं, तिनं चिमटीत धरून ओढलं. गटक् – साचलेलं सगळं पाणी आपल्या वाटेनं निघून गेलं.

रत्नम्मानं चहा टाकला. तीन कप मांडले, तिन्ही स्टीलचे.

फ्रीज अजून वॉरंटीत होता, आणि हे शिवकन्येला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.